मूळ प्रत सोबत आणावी

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. तळेगाव, मग कंस, कंसात श्यामजी पंत. महाराष्ट्रात तळेगावं पैशाला पासरी. पुण्याजवळ दाभाड्यांचं, शिरूरकडे ढमढेऱ्यांचं, अमरावती जिल्ह्यात शंकरपटाचं तळेगाव दशासर, आणि आमच्याच वर्धा जिल्ह्यात टालाटुल्यांचं आणखी एक. यात पहिलं कोण आणि नक्कल कुणाची, हे आता तळ्यांनाही सांगता यायचं नाही. म्हणून जुन्या माणसांनी शहाणपणा केला आणि प्रत्येक तळेगावाला कुणाचं ना कुणाचं नाव बांधून ठेवलं. माझ्या मामेभावाने माझ्या लग्नाचा आहेर मनिऑर्डरने पाठवला तेव्हा कंस लिहायचा आळस केला. पैसे दाभाड्यांकडचा पाहुणचार घेऊन आले, तोवर माझं बारसंही (म्हणजे माझ्या मुलाचं) होऊन गेलं होतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढची सगळी भानगड कंसाचीच आहे.

नागपूर-अमरावती हायवेवर आमच्या फाट्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शिक्षकी संपल्यावर टाकलं. दुकानाबाहेर एक फळा ठेवला, शाळेच्या जुन्या सामानाच्या लिलावात साठ रुपयांत मिळालेला. नोकरीत असताना रोज सकाळी मी फळ्यावर थोरामोठ्यांचे सुविचार लिहीत आलो. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, की आता फळा आपला, खडू आपला, तर विचारही आपलाच. रोज एक वाक्य, स्वतः रचलेलं. ‘उन्हात उभं राहून गप्पा मारणारा माणूस एकतर पाहुणा असतो नाहीतर उधारीवाला.’ ‘लाइट गेल्यावर घरातली माणसं एकमेकांना दिसतात.’ आधार कार्डाची झेरॉक्स निघेपर्यंत गिऱ्हाईक वाचायचं, ‘हो नं बाप्पा’ म्हणायचं, दोन रुपये सुटे नाहीत म्हणून जायचं. एवढ्यावर मी सुखी होतो.

मग फळ्याला तडा गेला आणि भाच्याने सुचवलं, “मामा, आता लूक बदला.”

लूक बदलायचा म्हटल्यावर फाट्यावरच्या प्रत्येक माणसाला मत फुटलं. कृषी केंद्रवाले म्हणाले फ्लेक्स करा. पण फ्लेक्सवर छापलेला विचार वर्षभर तोच राहणार, आणि एवढा टिकाऊ विचार माझ्याकडे नाही. भाचा म्हणाला लाल अक्षरं पळणारा दिव्यांचा बोर्ड लावा. तोही पाहून आलो. त्यात विचार संपायच्या आत एसटी सुटते. बायको म्हणाली, “अहो, त्यापेक्षा दुकानातलं मशीन बदला, काळ्या रेघा येतात.” ही सूचना विषयाला सोडून असल्यामुळे मी तिची नोंद घेतली नाही.

शेवटी पत्र्याचा फळा करायचं ठरलं, हिरवा, लाकडी चौकटीचा, वरच्या पट्टीवर रंगाने नाव. पेंटर आमच्या भागातला जुना माणूस, हायवेवरच्या निम्म्या ट्रकांची पाठ त्याच्या हातची. त्याने न विचारता एका कोपऱ्यात उगवता सूर्य काढला, दुसऱ्यात दोन संत्री, आणि मधोमध हंस. आमच्याकडे हंस कुठे दिसतो, म्हणून विचारलं तर म्हणाला, “हंस फुकट आहे जी, तो मी सगळ्याइलेच देतो.” मग वरच्या पट्टीवर ‘आजचा विचार’ रंगवून झाल्यावर त्याने ब्रश थांबवला.

“नाव टाकू का गुरुजी? अक्षराले वीस, जोडाक्षराले तीस.”

मी मनात हिशेब केला. ‘झेरॉक्सवाले गुरुजी’ म्हणजे आठ अक्षरं, त्यात एक जोडाक्षर, एकशे सत्तर. गावाचं नाव घातलं तर नऊ अक्षरं, त्यात ‘श्या’ जोडाक्षर, एकशे नव्वद.

“आणि कंसाचे?”

“कंस का फुकट येते का जी? दोन अक्षरं धरा.”

चारशे रुपये! म्हटलं हंस फुकट आणि कंस विकत, हा कुठला न्याय? नाव राहू दे. अख्ख्या फाट्याला ठाऊक आहे फळा कुणाचा ते. आयुष्यात बरेच पैसे मी चुकीच्या जागी वाचवले आहेत, त्यातले हे चारशे.

नव्या फळ्यावर पहिल्याच आठवड्यात मला माझं सर्वोत्तम वाक्य सुचलं. आंबिया बहाराची संत्री होती, आणि मी बागेचा सौदा व्यापाऱ्याला करून दिल्यानंतर बरोबर दहा दिवसांनी भाव चढला होता. त्या दुःखातून लिहिलं: ‘संत्र्याला भाव येतो तेव्हा संत्री शेजाऱ्याच्या झाडावर असतात.’ त्या दिवशी लोक झेरॉक्स नसतानाही थांबले. एकाने मोबाइलवर फोटो काढला. मी खडू झटकत उगाच आत-बाहेर केलं.

तिसऱ्या दिवशी हायवेपलीकडच्या चहाच्या टपरीवर खोक्याच्या पुठ्ठ्यावर तेच वाक्य. फक्त असं: ‘संत्र्याले भाव आला का संत्रं शेजाऱ्याच्याच झाडाले.’ खाली नाव नाही, गाव नाही. हायवे ओलांडून गेलो. चौपदरी झाल्यापासून तो ओलांडायला माणसाला खरा संताप लागतो.

“काय रे, हे वाक्य कुणाचं?”

“कोनाचं म्हंजे? फळ्यावरचं.”

“कुणाच्या फळ्यावरचं?”

“तुमच्याच जी.”

“मग?”

“मंग का गुरुजी, तुमीच तं सकाळी पुसून टाकलं. मी म्हनलं, चांगलं वाक्य वाया जाऊन राह्यलं.”

यावर काय बोलायचं? त्याने चहा दिला, पैसे घेतले नाहीत. परत येताना मला खरं लागलं ते वेगळंच. त्याचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. ‘असतात’ या माझ्या क्रियापदात शाळेचा वास होता. त्याच्या वाक्यात बागवान बोलत होता. चोरी झाली याचा राग माणूस बोलून दाखवू शकतो. चोराने वस्तू धुऊनपुसून वापरली, हे कुणाला सांगणार?

महिन्याभरात वाक्य जिल्ह्याबाहेर पडलं. यवतमाळच्या व्याह्यांकडून आलं तेव्हा संत्र्याचा कापूस झाला होता, नाशिकच्या विद्यार्थ्याकडून आलं तेव्हा कांदा. कांदा झाडाला लागत नाही एवढंही कुणी पाहिलं नाही. ज्ञानेश्वरीत नकलाकारांनी घातलेले फेरफार काढून नाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत केली, आणि पुन्हा कुणी तिच्यात आपली ओवी घुसडू नये असं बजावून ठेवलं. तो वैताग मला त्या कांद्यापाशी समजला. अर्थात नाथांना अमृताचं ताट राखायचं होतं. माझ्याकडे संत्र्याची एक फोड.

आणि मग एका रात्री पुण्याच्या साडूंकडून ते वाक्य मलाच आलं. भोवती गुलाबाची फुलं, खाली ‘पु. ल. देशपांडे’, आणि त्याखाली साडूंचा शेरा: ‘असं लिहिणारे आता राहिले नाहीत.’ पुलं जाऊन २००० सालापासूनची वर्षं लोटली, तरी मोबाइलवर त्यांचं लेखन थांबलेलं नाही हे मी ऐकून होतो. त्यात माझा वाटा पडेल असं वाटलं नव्हतं. मी घरात भरपूर चिडलो. मात्र आपलं वाक्य पुलंचं म्हणून खपलं, या आनंदाने रात्री झोप लागली नाही, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

भाच्याने कायदा काढला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलेल्या गोष्टीवर लिहिताक्षणीच हक्क येतो, नोंदणीची सक्ती नाही. हक्क हयातभर, आणि पुढे साठ वर्षं. कलम ५७ तर असं, की हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मी ताठ बसलो. बायको म्हणाली, “म्हणजे तुमच्यामागं साठ वर्षं नातवाने त्या संत्र्यावर राखण बसायची?” पण पुढे भाच्याने वाचलं, की एखाद्या नावाला, घोषवाक्याला, एकट्यादुकट्या ओळीला न्यायालयं सहसा असं संरक्षण देत नाहीत. म्हणजे कादंबरी लिहायला हवी होती. शिवाय आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे एखाद्या गोष्टीवर कायद्याने बंदी घातली की पुढे काय होतं, याचा आम्हाला दांडगा अनुभव आहे.

याच सुमाराला भाच्याने एक अभद्र प्रश्न विचारला. “मामा, पन आपला धंदा कोनता आहे?”

आता हे मान्य करायला हवं. २०१६ साली दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सवाल्यावर मोठमोठ्या प्रकाशकांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला, शिकण्यासाठी पुस्तकातली पानं काढून देणं हा गुन्हा नाही म्हटलं, तेव्हा मी पेढे वाटले होते. ती बातमी कापून तिची झेरॉक्स काउंटरवर लावली होती. दहावी-बारावीच्या दिवसांत माझ्या मशीनमधून जे जातं त्यात लेखकाचं नाव पानाच्या तळाशी असतं आणि आमच्या काचेवर तळ नेमका कापला जातो. मी ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण पाहिलं नव्हतं.

चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात जगातली पहिली झेरॉक्स काढली ती २२ ऑक्टोबर १९३८ ला. जस्ताचा पत्रा, त्यावर गंधक, रुमालाने घासून वीज भरलेली, वर बारीक भुकटी, आणि मेणाच्या कागदावर उमटलेली अक्षरं. काय लिहिलं होतं त्या पहिल्या प्रतीवर? तारीख आणि गावाचं नाव. बास. विचार वगैरे काही नाही. नक्कल करायचं यंत्र शोधणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी कळलं होतं, की कागदावर काही नसलं तरी चालेल, ठिकाण हवं.

आमच्या भागाला तर हे त्याच्याही आधीपासून माहीत होतं. पलीकडच्या मोझरीचे तुकडोजी महाराज घ्या. सांगतात ते असं, की लहानगा माणिक भजनात ‘तुका म्हणे’ म्हणायचा, तेव्हा वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला टोकलं, तुकोबांचं किती दिवस म्हणशील, ‘तुकड्या म्हणे’ म्हण. पुढे भजनांत तेच नाव ओवलं गेलं. नाव ओळीच्या खाली असलं की कापता येतं, ओळीच्या पोटात असलं की चाल मोडते. याला म्हणतात बंदोबस्त. दुसरा उपाय रिद्धपूरकडच्या महानुभावांचा. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, अक्षरांची अदलाबदल करून लिहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या कुणाला त्यातलं अक्षर लागलं नाही. मी भाच्याला विचारलं, फळा सकळ लिपीत लिहू का? तो म्हणाला, “कोनी चोरनार नाही. वाचनार बी नाही.” तिसरा मार्ग म्हणजे सरळ सोडून देणं. १९१० साली ‘हिंद स्वराज’ इंग्रजीत छापताना गांधीजींनी पुस्तकावर घालून टाकलं, की कोणतेही हक्क राखलेले नाहीत. पुढे तेच गांधीजी आमच्या जिल्ह्यात येऊन राहिले. पण सेवाग्रामात राहिले म्हणून काय झालं? तळेगावच्या झेरॉक्सवाल्याला एवढं मोठं मन परवडत नाही.

मी मधला रस्ता धरला. पेंटरला पुन्हा बोलावलं, चारशे रुपये मोजले. हंस पुसून त्या जागी नाव घातलं: झेरॉक्सवाले गुरुजी, तळेगाव (श्यामजी पंत). हंस पुसल्याचं त्याला वाईट वाटलं. त्याखाली ‘मूळ प्रत सोबत आणावी’ हे झेरॉक्सवाल्यांचं ब्रीद फुकटात करून घेतलं. मग हायवे ओलांडला आणि टपरीवाल्याला समजावलं. वाक्य घे, बदल, तुझ्या बोलीत घाल, पण खाली नाव लिही. कंसासकट.

पोरगा सज्जन. “तुमचं खरं आहे गुरुजी,” म्हणाला, आणि त्या दिवसापासून नेमाने लिहायला लागला.

अडचण एवढीच, की मी रोज सकाळी नऊला फळा लिहितो आणि त्याची टपरी पाचला उघडते. मधले चार तास पुठ्ठा कोरा कसा ठेवायचा? म्हणून तो स्वतःच काहीतरी लिहितो, आणि दिलेला शब्द मोडू नये म्हणून खाली माझं नाव घालतो. गेल्या सोमवारी होतं: ‘बायको अन् चहा, गरम हाये तवरच पाहा. झेरॉक्सवाले गुरुजी, तळेगाव (श्यामजी पंत)’. ते फोटोसकट नागपूरला पोचलं, तिथून पुण्याला. साडूंनी पहिल्यांदाच माझं नाव घेऊन अभिनंदन केलं. बायकोने मात्र त्या दिवशी चहाच केला नाही.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. चहाचं वाक्य माझं नाही. संत्र्याचं माझं आहे. ते कुठे दिसलं, मग त्यात कापूस असो की कांदा, तर खाली माझं नाव घाला, आणि गावाला कंस करायला विसरू नका. त्या दोन कंसांचे पेंटरने माझ्याकडून चाळीस रुपये वेगळे घेतले आहेत.