रूटकाका

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत जा, एसीच्या थेट झोताखाली बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसलेले एक गृहस्थ दिसतीलच. टेबलावर दोन पडदे, त्यांतला एक कायम काळा. कोपऱ्यात स्टीलचा डबा, डब्यावर उपडी वाटी. गळ्यातल्या कार्डावर पदनाम लांबलचक असतं, ते कोणी वाचत नाही. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘रूटकाका’. मी ज्या ज्या कंपनीत गेलो तिथे रूटकाका आधीच हजर होते. एके ठिकाणी ते नागपूरचे होते, एके ठिकाणी कोल्हापूरचे, आणि एकीकडे तर चक्क तिशीतले. काकापण वयावर नसतं.

काकांचं काम सांगायला सोपं आहे. कंपनीचे सर्व्हर दूर कुठेतरी असतात, मुंबईत, सिंगापूरला नाहीतर फ्रँकफर्टला. प्रत्येक सर्व्हरवर ‘रूट’, ‘ओरॅकल’, ‘बॅकअप’, ‘डिप्लॉय’ अशी अकाउंटं असतात. ही माणसांची नावं नव्हेत, खुर्च्यांची नावं आहेत. कुठल्या मंडळींनी कुठल्या खुर्चीत बसायचं हे काका ठरवतात. मंडळी म्हणजे ग्रुप: डेव्हलपर, टेस्टर, डेटाबेसवाले, सपोर्टची रात्रपाळी. एकट्यादुकट्या माणसाच्या नावाने काका कधी काही देत नाहीत. “माणूस जातो हो, आणि दिलेलं राहून जातं. ग्रुपला द्यायचं, म्हणजे माणूस ग्रुपातून काढला की विषय संपला,” असं ते म्हणतात. ग्रुपातून माणूस काढायची आठवण कोणालाच राहत नाही, हा भाग निराळा.

त्यांच्याकडे मागायला जाणं हा एक सोहळाच असतो.

“सर, प्रॉडक्शनचा ॲक्सेस हवा होता.”

“कशाला?”

“लॉग बघायचे होते.”

“बघायला ॲक्सेस कशाला? मी पाठवतो. किती ओळी देऊ?”

“नाही सर, एरर कुठे येतोय ते शोधायचंय.”

“म्हणजे कुठे आहे ते माहीत नाही, पण प्रॉडक्शनवरच आहे हे माहीत आहे.” इथे काका चष्मा कपाळावर सरकवतात. “तिकीट टाकलंत का?”

तिकीट टाकलेलं असतं. त्यात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो आणि काकांचा सगळा जीव त्या रकान्यात. लोक तिथे ‘अर्जंट’ लिहितात. ‘क्लायंट एस्कलेशन’ लिहितात. सगळ्यांत लाडकं कारण म्हणजे ‘ॲज डिस्कस्ड’. काका असं तिकीट घेऊन स्वतः त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात आणि अत्यंत मृदू आवाजात विचारतात, “कोणाशी?”

नव्या मुलांना हा माणूस खडूस वाटतो. मलाही वाटायचा, आणि थोडा तो आहेच. पण त्यांच्या मागे मोठी परंपरा आहे. गरजेपुरता अधिकार द्यावा, कणभरही जास्त नको, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ साली एका निबंधात मांडलं. मुळातला पवित्रा नकाराचा असावा आणि परवानगी हा अपवाद, हेही त्यातच आहे. काकांनी तो निबंध वाचलाय की नाही कोण जाणे, पण अंगी भिनलाय नक्की. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरायचा प्रोग्राम म्हणजे एसएसएच; त्याच्या सेटिंगमध्ये नकाराची यादी आधी वाचली जाते आणि होकाराची मागाहून, हा क्रम काकांना मनापासून आवडतो. एसएसएचबद्दल तर ते घरच्या माणसासारखे बोलतात. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर कोणी पासवर्ड चोरून ऐकले, म्हणून तातू युलेनेन यांनी हा प्रोग्राम लिहिला, आणि एकवीसचं एफटीपी व तेवीसचं टेलनेट यांच्या मधला बावीस नंबरचा पोर्ट त्यासाठी मागून घेतला. “मागितला,” काका तर्जनी वर करतात. “रीतसर पत्र पाठवून. कारण लिहून.”

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की त्यांची दुसरी आवडती गोष्ट निघते. १९६६ साली एमआयटीतल्या सामायिक संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली. लॉगइन केल्यावर सगळ्यांना दिसणाऱ्या सूचनेच्या जागी पासवर्डांची अख्खी यादीच झळकू लागली, प्रत्येकाला प्रत्येकाचा पासवर्ड. काका ही हकिगत सांगताना शेजारच्या वाड्यात चोरी झाल्यासारखा आवाज खाली आणतात आणि शेवटी कोशिंबीर पुढे करतात.

लिनक्सवर अधिकार नसताना सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने हुकूम चालवायची आज्ञा, मारून बघितलं तर यंत्र बजावतं की तुमचं नाव यादीत नाही आणि या घटनेची नोंद वर कळवली जाईल. हे वाक्य वाचून नवं पोरगं दचकतं. जुनं हसतं, कारण कळवणार कोणाला? तर ते पत्र रूटच्या टपालपेटीत जाऊन पडतं, आणि जगातल्या बहुतेक टपालपेट्या उघडायला कोणी येत नाही. काका उघडतात. सकाळच्या चहाबरोबर वाचतात. अकराच्या सुमारास तुमच्या टेबलाजवळून जाताना सहज थांबून विचारतात, “काल रात्री पावणेदोनला काय हवं होतं हो?”

त्यांचं ज्ञान मात्र अस्सल आहे, हे कबूल केलं पाहिजे. एकदा एका मुलीला स्वतःच्याच टीमचा फोल्डर उघडेना. ग्रुप बरोबर, परवानगी बरोबर, सगळं बरोबर. हेल्पडेस्कने दोनदा लॅपटॉप रीस्टार्ट करायला लावला. काकांनी तिच्या ग्रुपांची यादी मागवली आणि बोटांवर मोजायला घेतली. “सतरा. जुन्या पद्धतीच्या एनएफएसच्या निरोपात सोळाच ग्रुप मावतात. तुमचा हा सतरावा दारातच राहिला.” मग तिला नको असलेले तीन ग्रुप त्यांनी काढले. काढताना चेहऱ्यावर जे समाधान होतं ते देताना कधीच दिसत नाही. “आता लॉगआउट करा आणि परत लॉगइन करा.” हे त्यांचं ठरलेलं पालुपद. नवा ग्रुप चालू सत्राला कळत नाही, पुन्हा आत यावं लागतं. त्यामुळे ते बरोबरही असतं आणि वैतागवाणंही.

कडकपणाची किंमत असते आणि ती काकांनाही मोजावी लागते. ॲक्सेस सहज मिळत नाही म्हटल्यावर ज्या एकाला तो मिळाला त्याच्या नावावर अख्खी टीम जेवू लागते. किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर फिरते, पासवर्ड व्हाइटबोर्डच्या मागच्या बाजूला जातो. एका पोराच्या नावाने सर्व्हरवर सकाळी सहापासून पहाटे चारपर्यंत काम चाललेलं काकांना नोंदीत दिसलं. ते त्याच्याकडे गेले आणि खरोखरच्या काळजीने म्हणाले, “अहो, झोपता कधी?” पोरगं गोरंमोरं झालं. दुसऱ्या दिवशी त्या टीमचा वेगळा ग्रुप तयार झाला होता, रीतसर, फक्त त्यांना लागणाऱ्या अकाउंटपुरता. तिकीट काकांनी स्वतःच टाकलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘मुलांच्या झोपेसाठी’.

दर तिमाहीला ऑडिट आलं की ते प्रत्येक मॅनेजरला यादी पाठवतात: यांतल्या कोणाला अजून गरज आहे, खूण करा. मॅनेजर मीटिंगमधूनच ‘ऑल ओके’ असं उत्तर ठोकतात. एका तिमाहीला काकांनी एका यादीत आपल्या कुत्र्याचं नाव घातलं. मोत्याला डेटाबेसची मंजुरी मिळाली. काकांनी ती मेल छापून ड्रॉवरमध्ये ठेवलीय आणि बढतीच्या मोसमात ती वर काढतात, अशी वदंता आहे.

मग एपीआयचं, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला परस्पर हुकूम देण्याच्या सोयीचं, वारं आलं. तोवर सगळा कारभार काकांच्या एक्सेलमध्ये होता. आडवी अकाउंटं, उभे ग्रुप, हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे तात्पुरता, आणि एक जांभळा, ज्याचा अर्थ काकांनी कोणाला सांगितला नव्हता. वरून हुकूम आला: माणसावर अवलंबून राहायचं नाही. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या एका हुशार पोराने महिन्याभरात एपीआय उभा केला, आणि छान केला. प्रत्येक अकाउंटला एक पत्ता, त्या पत्त्यावर परवानगी असलेल्या ग्रुपांची यादी. गेट म्हटलं की यादी दिसते, पोस्टने एखादा ग्रुप वाढतो, डिलीटने जातो, पुटने यादीच्या यादी नवी बसते. क्लिकसुद्धा नको, स्क्रिप्ट परस्पर करेल. सादरीकरणाला टाळ्या झाल्या. काकांनी एकच प्रश्न विचारला.

“आणि ‘का’ हे कुठे लिहायचं?”

“सर, ते फेज टूमध्ये घेऊ,” मॅनेजर म्हणाले.

आयटीत फेज टू म्हणजे काय हे जाणकारांना सांगायला नको.

पुढे एका रिलीजच्या संध्याकाळी पोराला ‘डिप्लॉय’ अकाउंटवर रात्रपाळीचा ग्रुप वाढवायचा होता. पोस्टऐवजी त्याने पुट मारला आणि यादीत तो एकच ग्रुप लिहिला. सर्व्हर बिचारा आज्ञाधारक. ‘२००, सगळं ठीक’ असं उत्तर देऊन त्याने जुनी यादी पुसली आणि नवी बसवली. आता त्या खुर्चीत बसायला रात्रपाळी तेवढी मोकळी, आणि रात्रपाळी अजून घरून निघायची होती. बाकी सगळ्यांना ४०३. ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ४०१ म्हणजे ‘आपण कोण?’ आणि ४०३ म्हणजे ‘ओळखलं, पण नाही.’ दुसरं उत्तर शुद्ध पुणेरी आहे. त्या संध्याकाळी ते अख्ख्या मजल्याने वाचलं.

सगळे काकांकडे धावले. पोरगं रडकुंडीला आलेलं. काका रागावले नाहीत. “नवीन काही नाही हे,” ते म्हणाले. “युजरमॉडला नुसता डॅश जी लावला आणि डॅश ए राहिला, की नवा ग्रुप मिळतो आणि जुने सगळे जातात. सुडोसकट. तुमच्या जन्माच्या आधीपासून माणसं हेच करतायत. तुम्ही फक्त दूरवरून केलंत.” मग त्यांनी एक्सेल उघडलं. एपीआय आल्यावर ते बंद करायचं ठरलं होतं, पण काका दर शुक्रवारी हाताने ते जुळवून ठेवत होते. पंधरा मिनिटांत यादी परत बसली, रिलीज झालं, पिझ्झा आला.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं. पुसलेल्या यादीत सहा ग्रुप होते. काकांनी चारच परत बसवले. एक राहिलेला ग्रुप कधीच संपलेल्या मायग्रेशनचा, नावातच ‘टेंप’ असलेला. दुसरा एका बाहेरच्या एजन्सीचा, जिचं कंत्राट केव्हाच उरकलं होतं. दोन्ही काढा म्हणून काका वर्षानुवर्षं मेल पाठवत होते आणि ‘असू दे, कशाला काढता, काही तुटलं तर?’ असं उत्तर येत होतं. हेच ते दोन जांभळे रकाने. त्या रात्रीपासून आजवर त्यांच्याबद्दल एकाही माणसाने तक्रार केलेली नाही.

माझं मत विचाराल तर काकांची खरी किंमत इथे आहे. कोणाला परवानगी आहे हे एपीआय निमिषात सांगतो, आणि काकांपेक्षा बिनचूक सांगतो. ती का दिली होती आणि ते कारण संपलं कधी, हे यादीत नसतं. ते अजून तरी बिनबाह्यांच्या स्वेटरात असतं.

स्वभाव घरीही सुटत नाही. सोसायटीने गच्चीची किल्ली विश्वासाने त्यांच्याकडे दिली, तर त्यांनी वही घातली: नाव, कारण, कधीपर्यंत. कोजागिरीला आटीव दुधाचं पातेलं घेऊन चार बिऱ्हाडं जिन्यात उभी, आणि काका ‘कधीपर्यंत’च्या रकान्यावर पेन टेकवून थांबलेले. कोणीतरी ‘चंद्र मावळेपर्यंत’ असं लिहा म्हणालं. काकांनी पंचांग मागवलं.

फेज टू मात्र झाला, बरं का. त्या संध्याकाळनंतर एपीआयमध्ये ‘कारण’ हा रकाना सक्तीचा झाला, किमान वीस अक्षरांचा, आणि सोबत मुदतीची तारीखही. मुदत संपली की ग्रुप आपोआप गळतो. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी मी पाहिल्या. निम्म्यांत लिहिलं होतं: ‘अर्जंट अर्जंट अर्जंट अर्जंट’.

तेव्हा तुमच्या कंपनीतल्या रूटकाकांकडे जायची वेळ आली, तर कारण नीट एका वाक्यात लिहा, कधीपर्यंत हवंय ते लिहा, आणि काम झालं की आपणहून परत करा. चहा पाजून काही उपयोग होत नाही. चहा ते घेतात.