चार टॉप, चार बेस

रेव्ह म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गोवा येतो, नाहीतर पोलिसांचा छापा. मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी असा छापा पडला, अडीचशेहून जास्त तरुण-तरुणी एका रात्रीत ताब्यात घेतले गेले आणि वर्तमानपत्रांना कितीतरी दिवस दुसरा विषय उरला नाही. तिथल्या अमली पदार्थांचा प्रश्न वेगळा, तो कायद्यानं हाताळावा. पण कानठळ्या बसवणारा ठोका, एकाहून जास्त डीजे, डोळे दिपवणारे झोत आणि घामानं निथळणारी गर्दी, एवढंच रेव्हचं लक्षण असेल तर त्यासाठी सिंहगड नको आणि गोव्यातलं हणजूणही नको. लग्नसराईत मराठवाड्यातल्या परतूरला या.

मी पाहिलेल्या रात्री तीन वराती एकाच रस्त्यावर अडकल्या होत्या. तीन गाड्या, तीन जनरेटर, तीन ऑपरेटर. आपल्याकडे डीजे ठरवताना गाणी कोणती हे कुणी विचारत नाही. चार टॉप चार बेस की सहा टॉप सहा बेस, म्हणजे स्पीकर किती, एवढंच विचारतात. पहिल्या गाडीवरचं गाणं संपायच्या आत दुसऱ्यानं आवाज चढवला, तिसरा गप्प बसणार कसा? मग गाणी बाजूला राहिली आणि ‘कॉम्पिटिशन’ सुरू झाली. त्यात गाणं नसतंच. आधी सायरन, मग समोरच्याला ललकारणारा घोगरा आवाज, मग श्वास घेण्यापुरती शांतता आणि त्यावर एकदम कोसळणारा बेस. चहाच्या गाड्यावरचे काचेचे ग्लास एकमेकांवर वाजत होते. बंद दुकानांची शटरं थडथडत होती. घोडा कान मागं टाकून मान झटकत होता, आणि त्याच्यावर बसलेल्या नवरदेवाकडे एकाही वऱ्हाड्याचं लक्ष नव्हतं. पोरं मात्र बेभान नाचत होती.

त्या नाचाला मी नावं ठेवणार नाही. आठवडाभर कुणी हमाली करतो, कुणी सोयाबीनची पोती उचलतो, कुणी साखर कारखान्याच्या हंगामात फडावर राबतो. त्या अंगाला एक रात्र सगळं झटकून टाकावंसं वाटतं, यात गैर काय? जग ज्याला हार्डकोअर म्हणतं ते संगीतही 1990 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, एका बंदराच्या शहरात वाढलं. मिनिटाला 160 ते 200 ठोके, आणि तो ठोकाही मुद्दाम फाटका. कामकरी वस्तीतली पोरं त्यावर पहाट होईस्तोवर नाचायची. 1992 मध्ये त्याच देशात ‘थंडरडोम’ नावाचे मोठे जलसे सुरू झाले. परतूरच्या पोरांची आणि त्या पोरांची भूक एकच आहे.

फरक आहे तो दाराचा. तिथं दार असतं. आत जायचं त्यानं तिकीट काढायचं, नको त्यानं घरी झोपायचं. परतूरला दार नाही. रस्त्यालगतच्या घरात दोन महिन्यांची बाळंतीण असते, शस्त्रक्रिया होऊन परवाच परत आलेले आजोबा असतात, दहावीचा पेपर सकाळी अकराला असलेली पोरगी असते. त्यांनी तिकीट काढलेलं नाही. त्यांना उठून जाताही येत नाही. त्यांच्या भिंतींच्या आतही तोच बेस असतो, कारण खालच्या पट्टीतला आवाज दारं-खिडक्या लावून थांबत नाही.

आणि आवाज म्हणजे किती? केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. डेसिबलचा हिशोब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही, दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 55 ची मर्यादा असताना 105 डेसिबल वाजला तर तो दुप्पट झाला असं नव्हे, त्याची ऊर्जा एक लाख पट झाली. माणसाच्या एका कानात ऐकण्याच्या केसपेशी जेमतेम 15 हजारांच्या आसपास. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 100 डेसिबलला कान सुरक्षित राहतो तो पाऊण तास नाही, अर्धा तास नाही, जेमतेम पंधरा मिनिटं. आपल्या वराती तीन-तीन तास चालतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये नाचगाण्याच्या जागांसाठी मानक ठरवून दिलं: सरासरी आवाज 100 डेसिबलच्या वर नको, मोजणारं यंत्र हवं, कानात घालायचे बोळे मिळायला हवेत, मधूनमधून विसावा घ्यायला शांत जागा हवी. नाचू नका असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

त्या रात्री तिन्ही गाड्यांवर मिळून कानात बोळे घातलेला मला एकच माणूस दिसला, मधल्या गाडीचा ऑपरेटर. कापसाच्या तालुक्यातला कापूसच तो. कापसानं कानाचं फारसं रक्षण होत नाही, पण धोका त्याला कळला होता एवढं खरं. मिक्सरवर वाकलेला, वीस-बावीस वर्षांचा असेल. अशा पोरांबद्दल मला राग नाही, काळजी वाटते. हंगामात रोज रात्री स्पीकरला पाठ लावून उभं राहायचं. गाडी आणि अठरा इंची स्पीकर बहुधा कर्जाचे. सुपारी देणारा म्हणतो, “आवाज कमी केलास तर पैसे विसर.” पोलीस आले की जप्त होते त्याची गाडी, गुन्हा त्याच्यावर. सुपारी देणारा जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांना आग्रह करत फिरत असतो. हे उफराटं आहे. दंड आधी त्याला करा ज्यानं इसार दिला, ज्यानं आवाज वाढव म्हणून सांगितलं, ज्याच्या दारातून वरात निघाली. मंडळाची मिरवणूक असेल तर अध्यक्षाला. दोन हंगामांत बेसची संख्या आपोआप खाली येईल.

नियम कमी पडतात असं कुणी सांगू नये. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2005 मध्ये ठणकावून सांगितलं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, तीही वर्षाकाठी जास्तीत जास्त 15 दिवस, आणि त्या दिवसांच्या यादीत कुणाच्या पोराची वरात नसते. इंग्लंडात मे 1992 मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर कितीतरी साउंड सिस्टिम एकाच वेळी येऊन थडकल्या, अनेक दिवस रात्रंदिवस वाजत राहिल्या, आसपासचे गावकरी हैराण झाले. अडीच वर्षांत तिथं कायदा झाला. तो फारच कडक होता, तरुणांवर अन्याय करणारा होता असं माझं मत आहे, पण गावकऱ्यांची झोप तिथल्या संसदेला महत्त्वाची वाटली. आपल्याकडे कायदा पंचवीस वर्षांचा झाला, आणि झोप अजून कुणाच्याच खात्यावर नाही.

मला परतूरच्या तरुणांची रात्र हिरावून घ्यायची नाही. नगरपालिकेनं वस्तीपासून दूर एक मैदान ठरवून द्यावं, तिथं आवाज मोजण्याचं यंत्र लावावं, भाडं घ्यावं. चार डीजे आणा, नाहीतर आठ आणा. रात्री दहाच्या आत होऊ द्या कॉम्पिटिशन. येणारा आपल्या पायानं येईल. वरातीला हलगी आणि संबळ आहेच की! ते वाजवणारी घरं या तालुक्यात अजून आहेत आणि लग्नसराईत रिकामी बसून आहेत. हलगीवर पोरं कमी नाचतात असं म्हणणाऱ्यानं हलगी ऐकलेलीच नाही.

आणि ज्यांच्या खिडकीखाली हे वाजतं त्यांना एक सांगणं. भाऊबंदकी होईल, वैर येईल म्हणून तुम्ही गप्प बसता, हे मला ठाऊक आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना स्पष्ट सांगितलं आहे की अशी तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. पुढच्या वेळी दहा वाजून गेल्यावर खिडकीची काच थरथरली, तर 112 फिरवा.