टोनचं सोवळं

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाआधी दोन-तीन तास रंगमंचावर डोकावलंत, तर रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून, एका काळ्या पेटीसमोर उकिडवे बसलेले एक गृहस्थ दिसतील. गायिका अजून पार्लरमध्ये असते, ढोलकीवाला चहाला गेलेला असतो, निवेदक कुठल्या शेराला टाळी पडेल याचा अंदाज घेत असतो. हे मात्र दुपारी चारपासून हजर. हे बेसवाले, म्हणजे बेस गिटार वाजवणारे. पुण्यातल्या बहुतेक हौशी बँडमध्ये यांची एक प्रत असतेच. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, मुलगी बारावीला, आणि उरलेली इच्छा एकच: अ‍ॅम्पमधून टोन क्लीन यावा. आमच्या बँडमधल्या प्रतीला सगळे बेसकाका म्हणतात.

क्लीन म्हणजे किती क्लीन, हे विचारायची सोय नाही. आमच्या आजीचं सोवळं परवडलं. तिचं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपायचं. काकांचं वायर, सॉकेट, स्पीकर, फरशी असं करत थेट महावितरणच्या खांबापर्यंत जातं. आणि ते मोडायला गिटारवाला टपलेलाच असतो. हा पोरगा पंचविशीतला. आवाज फाटावा म्हणून त्यानं खास पेडल विकत घेतलंय.

‘‘पैसे देऊन?’’ काकांनी विचारलं.

‘‘हो काका, डिस्टॉर्शन आहे ते.’’

‘‘आमच्याकडे असा आवाज यायला लागला की अ‍ॅम्प दुरुस्तीला टाकतात.’’

काकांचा विधी एकदा जवळून बघण्यासारखा आहे. आधी बेस गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. अ‍ॅम्पवरचे बेस, मिड, ट्रेबल तिन्ही मधोमध. मास्टर शून्यावर. मग सगळ्यात जाड ई तार छेडायची, आणि तीही शेवटच्या नाचाच्या गाण्यात जितक्या जोरात छेडणार तितक्याच जोरात. एकीकडे गेन हळूहळू वर. मास्टर बंद असल्यामुळे आवाज काहीच नाही. नुसता एक माणूस त्वेषानं तार ओढतोय आणि एका बारक्या दिव्याकडे टक लावून बघतोय. क्लिपचा लाल दिवा लुकलुकला की थांबायचं, तसूभर मागे यायचं, आणि मगच मास्टरला हात लावायचा. बाकीचे लोक मास्टर कमी ठेवतात आणि गेन मरणाचा वाढवतात. त्यानं सिग्नल पहिल्याच टप्प्यात चेपला जातो आणि आवाज लहान असूनही घोगरा येतो. हे काका कुणालाही सांगतात. परवा केटररला सांगत होते. बटणांच्या अशा सापडलेल्या जागांवर त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. मरून ठिपके सभागृहासाठी, गुलाबी सरावाच्या खोलीसाठी. गुलाबीची बाटली संपली तेव्हा काकूंना पत्ता लागला.

गिटारवाल्यांवरचा राग जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, पाठोपाठ त्याच्यासाठी बेसमन हा अ‍ॅम्प काढला. नावातच बेसवाल्याचा मान. पण गिटारवाल्यांनी त्यात आपली वायर खुपसली, आवाज वाढवला, तो झकास फाटला, आणि अ‍ॅम्प कायमचा त्यांचा झाला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांनी पहिला अ‍ॅम्प काढला तो याच बेसमनच्या सर्किटवरून. म्हणजे जगभरच्या रॉकची फाटकी गिटार मुळात बेसवाल्याच्या पेटीतून निघाली. हे सांगताना काकांचा आवाज कापतो. त्यांचं दैवत वेगळंच आहे: अँपेग काढणारे एव्हरेट हल. हे स्वतः डबल बेस वाजवणारे, जॅझवाले. फाटक्या आवाजाचा त्यांना मनस्वी तिटकारा. काकांच्या मते हल पुण्यात सदाशिव पेठेतच जन्माला यायचे, पत्ता चुकला.

आता वॅटचं. बेसची सगळ्यात खालची ई म्हणजे सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं. इतका खालचा सूर माणसाच्या कानाला मुळात कमी ऐकू येतो, म्हणून तो ऐकवायला ताकद फार लागते. गिटारवाल्याचं ३० वॅटमध्ये भागतं आणि आणखी ओढलं तर त्याला आनंदच होतो. बेस क्लीन हवा तर ३०० सुद्धा कमी पडतात. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर ताकद साधारण दहापट हवी, हा हिशेब काकांनी काकूंना पाकिटाच्या मागे मांडून दाखवला होता.

‘‘अहो, पण दुप्पट कुणाला हवाय?’’ काकू म्हणाल्या.

‘‘अगं, दुप्पट वाजवायचा नाहीये. दुप्पट वाजवता आला असता, तरी वाजवत नाही, त्यात क्लीन आहे.’’

काकूंनी पाकीट उलटं करून बघितलं. त्यात विजेचं बिल होतं.

तरुणपणी काकांना १९६९ चा अँपेग एसव्हीटी हवा होता. ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, नुसतं डोकं ३५-४० किलोचं, आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. काका राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. क्लास डी तंत्राचे अडीच-तीन किलोचे अ‍ॅम्प निघाले तेव्हा काकांची कंबर आणि संसार दोन्ही वाचले. स्पीकर मात्र तेवढाच आहे. तो कोपऱ्यात ठेवला तर खालचे सूर फुगतात, नुसता जमिनीवर ठेवला तर घुमतो. म्हणून तो भिंतीपासून दोन हात पुढे ओढून सत्यनारायणाच्या चौरंगावर ठेवलेला असतो. पूजेच्या दिवशी दोघांपैकी कोण खाली उतरणार यावर चर्चा होते.

खरी छळवणूक विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग धड नसलं की अ‍ॅम्प तोच सूर धरून बसतो. काकांना गुरगुर एक वेळ चालेल, पण ५० हर्ट्झ म्हणजे खालचा जी आणि जी शार्प यांच्या मधे कुठेतरी. धड सुरातही नाही! त्यांच्या जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण ठेवले तर एकाची गुरगुर दुसऱ्यानं मरते. एक जरा कमी केला की पुन्हा सुरू. त्यामुळे मांडवात शिरल्याबरोबर काका देवाला नंतर भेटतात, आधी वायरमनला.

‘‘अर्थिंग कुठे दिलंय?’’

‘‘दिलंय की साहेब.’’

‘‘कुठे?’’

वायरमन हातानं साधारण पूर्व दिशा दाखवतो.

तारांचं प्रकरण स्वयंपाकघरातलं. नवी बेसची तार खणखणते. घाम आणि मळ बसला की मंदावते. नवा संच महाग, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळायच्या. मळ सुटतो, तारा थोड्या दिवसांपुरत्या पुन्हा बोलायला लागतात. हा खटाटोप साबुदाणा भिजवायच्या पातेल्यात झाला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. त्यातच गिटारवाल्या पोरानं विचारलं, ‘‘काका, मोटाउनचा तो बेसवाला जेम्स जेमरसन तुटेपर्यंत तारा बदलायचाच नाही म्हणे, खरं का?’’ खरंच आहे ते. आणि जेमरसन हा काकांनाही सगळ्यात वरचा. तारा मळक्या, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज, आणि त्यातून तो बेस! काका बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘त्याला चालतं.’’

इतकं करून तो टोन ऐकतं कोण? काका फोनवर पंचमदांचं गाणं लावतात, ‘‘टोनी वाझचा बेस ऐक’’ म्हणतात, आणि फोनच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून तो खालचा सूर मुळात बाहेरच पडत नाही. आपण मान डोलावतो. सभागृहात तर याहून कठीण. साउंडवाला बेसची वायर डीआय बॉक्समधून थेट आपल्या मिक्सरला नेतो, अ‍ॅम्पच्या बटणांच्या आधीच. मरून ठिपके, चौरंग, तासाभराचा विधी, हे सगळं काकांच्या पायाशी वाजतं आणि तिथंच राहतं. प्रेक्षकांना ऐकू जातो तो साउंडवाल्याचा बेस, आणि त्यानं सगळं उजवीकडे पिळून ठेवलेलं असतं. ‘‘दादा, तुमचा स्टेजवरचा जरा कमी करा,’’ एवढाच त्याचा काकांशी संवाद.

एक श्रोता मात्र आहे. काकांच्या खालच्या मजल्यावरचे, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. स्लॅबमधून वरचे सूर गळून जातात आणि खाली उतरतो तो फक्त बेस, त्यामुळे या माणसानं गेली कित्येक वर्षं बेसशिवाय दुसरं संगीत ऐकलेलंच नाही. आधी सोसायटीकडे तक्रारी केल्या. मग जिन्यात भेटले की म्हणायला लागले, ‘‘काल दुसऱ्या कडव्यात घसरलात.’’ यंदा सोसायटीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. आजोबा पुढच्या रांगेत, कानटोपी काढून बसलेले. संपल्यावर काका घाम पुसत थेट त्यांच्याकडे गेले.

‘‘कसा वाटला?’’

‘‘ती गाणी फार मधे येतात हो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘घरी पलंगावर पडून कसा स्वच्छ ऐकू येतो.’’

काकांनी वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, ‘‘पलंग कुठल्या भिंतीला आहे?’’