निसर्गात विरघळलेलं गेस्ट हाऊस

साकोलीकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी गेस्ट हाऊस काढायचं ठरलं, की आर्किटेक्टचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : वास्तू निसर्गात विरघळली पाहिजे. मग ती विरघळवायला जेसीबी येतो. काठावरचे मोह, जांभूळ आडवे होतात, कारण ते 'व्ह्यू' अडवतात. त्यांच्या जागी सिमेंटचे बुंधे. रंगाऱ्यानं त्यांवर साल काढलेली, गाठी काढलेल्या, एकावर तर सिमेंटचीच खार. छपराला प्लास्टिकचं गवत, पाइपनं धुता येणारं. कवेलू नकोत म्हणे, गावठी दिसतात!

तळ्याकडे अख्खी काचेची भिंत. तिच्यात आभाळ इतकं हुबेहूब उतरतं की पाखरं थेट येऊन आदळतात. निसर्गाशी याहून जवळीक ती काय असायची?

श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावांनी कंदलामाच्या प्राचीन तलावाकाठी हॉटेल उभारलं. १९९४ साली ते सुरू झालं आणि पुढे वेलींनी जवळजवळ गिळलं. आपल्याकडे वेल खिडकीशी पोचली की मॅनेजर माळ्याला झापतो. आणि ज्या कोहळी समाजातल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी हे तलाव बांधले, त्यांची पाळ आज टेकडीच वाटते. पण त्यांच्याकडे ब्रोशर नव्हतं.

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात राहिले आणि पुस्तक लिहून गेले. आताचा पाहुणा बुकिंग करतानाच विचारतो, "रात्री बेडूक फार ओरडतात का हो?" साऊंडप्रूफ खोलीचा दर वेगळा आहे.