वाजोलं कोनं?

वाशीमच्या पाटणी चौकात चहाला थांबलात आणि टपरीवाल्याच्या मोबाइलवर एखादं जुनं गाणं लागलेलं असलं, तर बाकावर बसलेल्या साठीपलीकडच्या गृहस्थांकडे चुकूनही बघू नका. नजरानजर झाली की ते विचारणार, "गानं कोनाचं होय?" तुम्ही छाती फुगवून म्हणणार, "लताबाईंचं." मग ते बशीतला चहा संपवणार, मिशी पुसणार आणि म्हणणार, "ते त साऱ्या गावाले मालूम हाय. वाजोलं कोनं?"

हे ठेकेकाका. असा एक तरी नमुना रिसोडला, मंगरुळपीरला, मानोऱ्याला, म्हणजे तालुक्याच्या प्रत्येक गावी हमखास सापडतो. कोणी जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी, कोणी पोस्टातले, कोणी वीज मंडळातले. स्वतः त्यांनी आयुष्यात एकही वाद्य वाजवलेलं नसतं. गणपतीच्या आरतीत त्यांची टाळीसुद्धा एक मात्रा मागून येते. सोयाबीनचा भाव, लाइटबिलाची तारीख, धाकट्या नातवाची इयत्ता, यातलं काही विचाराल तर काकूंकडे बोट दाखवतील. पण १९७१ च्या 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. भूपिंदर म्हणजे गझल गाणारे, एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांची ते मनापासून कीव करतात.

त्यांचा खरा हंगाम लग्नसराईचा. वरातीत बँडवर 'नागिन'ची धून सुरू होते, नवरदेवाचे मित्र दातांत रुमाल धरून डांबरावर लोळू लागतात, आणि काका थेट त्या नागांच्या वारुळात शिरून बँडमास्तरचा हात धरतात. "हे पुंगी नोहे बरं का! १९५४ चं पिक्चर. संगीत हेमंतकुमारचं. बीन वाजोली कल्याणजीनं, क्लॅव्हिओलिनवर. आन् संग हार्मोनियम रवीचं. दोघंही पुढं मोठे संगीतकार झाले!" माहिती बावनकशी असते. बँडमास्तरही कच्च्या गुरूचा चेला नसतो. "काका, त्यायनं कशावरही वाजोलं असन. मी क्लॅरिनेटवर वाजवून राह्यलो. सरका बाजूले, घोडं बिचकते." काका सरकतात, पण जेवणाच्या पंगतीत शेजारच्या व्याह्याला उरलेला अर्धा भाग ऐकवूनच मठ्ठ्याला हात लावतात.

पडद्यावर जो वाजवताना दिसतो, त्याच्यावर काकांचा विशेष राग. 'शोले'तला माउथ ऑर्गन अमिताभनं नुसता ओठांशी धरला, वाजवला भानू गुप्तांनी. 'दोस्ती'तला माउथ ऑर्गन तर साक्षात आर. डी. बर्मन यांचा, आणि सिनेमाला संगीत मात्र लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं! त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे 'गाइड'मधलं 'मोसे छल किये जाए'. त्यावरचा तबला संतूरवाल्या शिवकुमार शर्मांनी वाजवलाय. हा पत्ता टाकून काका खुर्चीत मागे रेलतात आणि समोरच्याचा चेहरा पडायची वाट बघतात.

आता एवढ्यावर सुखानं जगायला हरकत नव्हती. पण कारंजा लाडला यांचे जोडीदार राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. ते एस. टी. नं वाशीमला येतात ते म्हणे बालाजीच्या दर्शनाला. खरं कारण 'तीसरी मंझिल'. १९६६ च्या त्या सिनेमात शम्मी कपूर ड्रमर आहे. तो ड्रम वाजवत नाही, यावर दोघांचं एकमत. आणि एकमत तिथंच संपतं. काका म्हणतात, लेस्ली गोदिन्हो. कारंजेकर म्हणतात, केर्सी लॉर्ड. एकच गाणं एकाच मोबाइलवर दोघं एकेका कानात एकेक बोंडूक खुपसून ऐकतात. "आयकलं का? हा हात लेस्लीचा!" "हाताले काय नाव लिहेल हाय काय?"

मुद्दा बिनतोड आहे. नाव कुठंच लिहिलेलं नाही. तबकडीवर गायक, कवी, संगीतकार, वादक गायब. तारदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला सकाळी यायचं, समोर ठेवलेलं नोटेशन वाजवायचं, पाळीचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या स्टुडिओकडे पळायचं. कोणत्या सिनेमाचं गाणं होतं, हे कित्येकांना पुढे रेडिओवर कळायचं. या माणसांची नावं आज चार लोकांच्या तोंडी आहेत, ती असल्या चिवट काकांमुळेच. भांडायला का होईना, कुणीतरी ती पाठ केली.

मध्यंतरी पुण्याच्या भाच्यानं काकांना बीटल्सची गोष्ट सांगितली. १९६२ च्या 'लव्ह मी डू'च्या पहिल्या तबकडीवर ड्रम रिंगो स्टारचे. पण एलपीवर अँडी व्हाइटचे, आणि रिंगोच्या हाती दिली खंजिरी. म्हणून खंजिरी ऐकू आली की ड्रमवर व्हाइट समजायचा. काकांना धन्य वाटलं. "म्हंजे तिकडंबी आपल्यासारखे लोक हायेत म्हना की!" तेव्हापासून ते 'तीसरी मंझिल'मध्ये खंजिरी शोधतायत.

शेवटी भाच्यालाच दया आली. "मामा, त्या काळचे वादक मुलाखती देतात आता. एखाद्यालाच विचारून टाकू ना, म्हणजे मिटलं."

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम मान वर केली. कारंजेकर तर चहा अर्धा टाकून उठायलाच निघाले. प्रश्न मिटला तर एस. टी. चा पास कशाला काढायचा? काकांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि भाच्याला झापलं, "वाजोनाऱ्याले काय समजते रे? तो कागदाकडं पाहू राह्यला होता. आयकलं त आमी!"

इतक्या वर्षांत कारंजेकरांनी पहिल्यांदाच काकांच्या म्हणण्याला मान डोलावली, आणि दोन कटिंग आणखी सांगितले.