आडतदार, मेहुणा आणि डिस्क प्लेट

नगर-जामखेड रस्त्यावर कड्यात एका गॅरेजपुढं गाडी थांबली आणि दोघं उतरले. एक गावातले कांद्याचे आडतदार शेठ, दुसरा त्यांचा पुण्याहून आलेला मेहुणा. गाडी शेठची होती, ज्ञान मेहुण्याचं होतं. मिस्त्री जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. दोघांचे चेहरे बघून त्यानं कप निम्म्यातच खाली ठेवला.

शेठ : मिस्त्री, ब्रेक दाबला की स्टेअरिंगच्या अंगात येतंय बघा. ऐंशीला तर हातात राहत न्हाई.

मिस्त्री : ब्रेक न दाबता थरथरतं का?

शेठ : न्हाई.

मिस्त्री : मग बॅलन्सिंगचं काम न्हाई. थरथर स्टेअरिंगला हाय म्हणजे पुढच्या चाकात बघावं लागंल. मागचं असतं तर सीटला जास्त कळलं असतं.

मेहुणा : दाजी, मी वाटेतच म्हटलं होतं. डिस्क तापली आणि वाकली.

मिस्त्री : पाव्हणं, वाकायला पापड हाय का त्यो? बिडाची प्लेट हाय.

शेठ : बीडची? गाडी तर मी नगरला घेतली!

मिस्त्री : बिडाची, शेठ. ओतीव लोखंडाची. कोल्हापूरकडं फाउंड्रीत ओतत्यात, तसली.

मेहुणा : त्यापेक्षा नगरला व्हीआरडीई आहे, तिथं रीतसर टेस्टिंग होतं.

मिस्त्री : तिथं लष्कराच्या गाड्यांची परीक्षा असती. तुमची नापास झालीया, ते हितंच कळलं.

जॅक लागला, चाक निघालं. मिस्त्रीनं नट लावून प्लेट हबवर घट्ट बसवली, चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज उभं केलं, त्याची टोच प्लेटच्या कडेजवळ टेकवली आणि प्लेट हळूहळू फिरवली. काटा एकदा इकडं गेला, एकदा तिकडं.

मिस्त्री : नऊ. म्हंजे ०.०९ मिलिमीटर डोलती.

शेठ : एवढ्यासाठी गाडी खोलली? आमच्यात पोत्यामागं किलोभर इकडंतिकडं झालं तरी कुणी बोलत न्हाई.

मिस्त्री : हितं बहुतेक गाड्यांना ०.०५ च्या आत लागतं.

गंमत अशी, की नुसत्या डोलण्यानं थरथर लगेच येत नाही. ब्रेक दाबलेला नसतानाही प्लेटचा बाहेर आलेला भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो. चाक किलोमीटरला पाचशेच्या वर फेऱ्या घेतं. पाच हजार किलोमीटरमध्ये पंचवीस लाखांवर चाटण्या होतात. तेवढ्यात प्लेट एका जागी पातळ होते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला, तरी ब्रेक दाबताना पिस्टन मागंपुढं ढकलला जातो आणि तो धक्का स्टेअरिंगपर्यंत पोचतो. नवी प्लेट टाकल्यावर काही महिन्यांनी थरथर परत आली, की माणसं प्लेटच्या कंपनीला शिव्या देतात.

मिस्त्रीनं मायक्रोमीटरनं सात-आठ जागी जाडी मोजली. सगळे आकडे वेगळे, आणि सगळे प्लेटवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली. म्हणजे प्लेट लेथवर घासून सपाट करायचा विषय संपला.

शेठ : बरं, मग एकच बदला. दुसऱ्या बाजूची अजून चालंल.

मिस्त्री : एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला जुनी, मग ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडं ओढल. प्लेटा जोडीनं, पॅड पण नवे.

शेठ : जोडीवर काय कमी?

मिस्त्री : थरथर.

प्लेट निघाली आणि खरा आरोपी सापडला. हबच्या तोंडावर गंजाची खपली होती, मिरचीच्या बी एवढी.

मेहुणा : ती काय, नवी डिस्क बसली की दाबली जाईल.

मिस्त्री : दाबली जात न्हाई, प्लेटलाच तिरकी बसवती. मधी पंक्चर काढलंतं का?

शेठ : काढलं की. पोरानं गन लावून दोन मिनिटांत चाक आवळून दिलं.

मिस्त्री : ओळीनं आवळलं आसंल. समोरासमोरचे नट आवळायचे आणि शेवट टॉर्क पान्यानं, पुस्तकात लिवलंय तेवढाच.

मग तासभर गॅरेजात फक्त तारेचा ब्रश बोलत होता. हब चकचकीत झाला. कॅलिपर ब्रेकच्या पाइपला लोंबकळू न देता तारेनं वर बांधला होता. त्याच्या पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लागलं. पिन अडकली तर पॅड सुटत नाही आणि प्लेट तापत राहते. नव्या प्लेटांवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरनं पुसला गेला. पुन्हा गेज लागलं आणि काटा तीनवर थांबला. शेठनं तो वाकून दोनदा बघितला.

मिस्त्री : आता पहिल्यांदा जागेवरच ब्रेक चारदा दाबा. पेडल घट्ट झालं की मगच हलायचं. पुढं मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा बेतानं ब्रेक मारा, पण पुरतं थांबायचं न्हाई. दोन ब्रेकांच्या मधी गाडीला वारं लागू द्या.

मेहुणा : आठ-दहा वेळा? दाजींच्या शेजारी बसून?

मिस्त्री : आन् सौताड्याचा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमधी ठेवा. तापल्या ब्रेकवर पाय दाबून उभं ऱ्हायलं, की पॅडचा थर प्लेटवर एकाच जागी चिकटतो. त्यानं बी थरथर येती, आन् लोक म्हणत्यात डिस्क वाकली.

मेहुणा : (घड्याळ बघत) २०२२ पासून कड्याला रेल्वे आहे ना? नगरची गाडी किती वाजता?

शेठ : गप बस पुढं. मिस्त्री, जुन्या प्लेटा माझ्या गाडीत टाका. भंगारात वजनावर जातील.

मिस्त्री : तुमच्याच आहेत, न्या की. फक्त पट्टीतनं हमाली आन् तोलाई कापतो.