पाच गव्यं आणि सहावी गाय

दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण ही झाली पाच गव्यं. पाचही गाईकडूनच येतात, तेव्हा सहावी जिन्नस म्हणून खुद्द गाय धरायला हरकत नसावी. पण पाचांच्या बाटल्या, वड्या, साबण निघाले. सहावी भाकड झाली की दावणीला जड होते.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा मुलूख लाल कंधारीचा. परळी, अहमदपूर, कंधार या पट्ट्यातली ही तांबडी जनावरं. गाय दुधाला बेताची, बैल मात्र कामाला वाघ. केदारेश्वराच्या या गावात गोमूत्र ही कधी विकत आणायची वस्तू नव्हती. सुतक फिटलं की घरभर शिंपडायचं. पोराचा घोळणा फुटला की नाकात तुपाचे दोन थेंब. दात घासायला गोवरीची राख. आता तीच राख डबीत शिरून दंतमंजन झाली, आणि गोवरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुरिअरने पुण्याला जाते. जिच्या उकिरड्यावर शेणाचा ढीग आहे ती बाई पोराला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभी असते. तिला कोणता उपाय कुठवर चालतो ते बरोबर कळतं.

आयुर्वेदाला यात ओढू नका, बिचाऱ्याचा दोष नाही. चरकाने पंचगव्य घृत सांगितलं ते अपस्मारासारख्या नेमक्या रोगांवर, मापून. बचनागासारखं जालीम विष वैद्य गोमूत्रात भिजवून, शुद्ध करून मगच वापरत. हे खरं शास्त्र, आणि कष्टाचं. ‘रोज सकाळी गोमूत्राचा अर्क घ्या, साखर-कॅन्सर सगळं जातं’ ही ओळ चरकाची नव्हे, अर्क विकणाऱ्या स्टॉलवाल्याची. असल्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा 1954 पासून आहे; तोही आता वयोमानाने भाकड झाला असावा. शिवाय चरकाने औषधी मूत्रं एक नव्हे, आठ सांगितली आहेत: मेंढी, शेळी, गाय, म्हैस, हत्ती, उंट, घोडा आणि गाढव. गाईसारखा गाढवासाठीही आयोग नेमा अशी मागणी अजून तरी कुणी केलेली नाही. उमेदवार मात्र कमी पडणार नाहीत.

स्टॉलवाल्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे अमेरिकेचं पेटंट. पेटंट आहे, खोटं नाही. 2002 साली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेला मिळालं. नागपूरकडच्या देवलापारच्या गो-विज्ञान अनुसंधान केंद्राचाही त्या कामात हात होता. पण त्यात आहे काय? गोमूत्राच्या अर्काने अँटिबायोटिकचा जोर वाढतो, एवढंच. म्हणजे औषध अँटिबायोटिकच, अर्क त्याच्या मदतीला. बाटलीवर अर्धंच छापलेलं असतं.

आता खुद्द गाईच्या दुखण्याचं बघा. 2022 साली लम्पीची साथ आली. अंगभर गाठी, ताप, जनावर चारा सोडून बसायचं. गोठ्यात गोमूत्राला तोटा नव्हता, तरी माणसं धावली ती पशुवैद्यकाकडे. आणि राज्यभर गाईबैलांना जी लस टोचली ती होती शेळ्यांच्या देवीची. गोमातेचा जीव शेळीच्या लशीने राखला. शेळीच्या वाट्याला त्याबद्दल काय आलं? बकरी ईद.

गाईला मात्र मान मिळाला. 30 सप्टेंबर 2024 रोजी, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, सरकारने देशी गाईला राज्यमाता केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपये द्यायचं ठरवलं. 2019 च्या दुष्काळात बीडच्या चारा छावण्यांमध्ये मोठ्या जनावरामागे रोज शेवटी 100 रुपये मिळत. तेव्हा ती नुसती गाय होती. माता झाली आणि भाव निम्म्यावर आला! तेही गोशाळेत असली तर. धर्मापुरीतल्या शेतकऱ्याच्या दारची लाल कंधारी याच जातकुळीची राज्यमाता, पण ती घरी राहते ही तिची चूक. तिच्या कडब्याचं शेतकऱ्याने बघावं. बैल थकला तर 2015 च्या कायद्यामुळे खाटकाला देता येत नाही, आणि नुसता उभा बैल पोसायला दुसरा कोण घेणार? गोभक्त येतात, गाईच्या पाठीवरून हात फिरवतात, फोटो काढतात. पेंडीचं पोतं आणलेला अजून पाहण्यात नाही.

राहता राहिली म्हैस. 2023 मध्ये बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने ताजं गोमूत्र तपासलं, तर त्यात निदान 14 प्रकारचे घातक जिवाणू निघाले. अर्कवाले म्हणाले, आम्ही उकळून, वाफ धरून घेतो, आमचं वेगळं. असेल. पण त्याच तपासणीत काही जिवाणूंवर म्हशीचं मूत्र गाईपेक्षा सरस ठरलं, त्यावर अर्कवाले काहीच बोलले नाहीत. मंत्रिमंडळाच्या पुढच्या बैठकीत तिला निदान राज्यमावशी तरी करून टाका.